गुलाबपाण्यातले पाणी

गुलाब हे मुळात फुलाचे नाव नव्हे, ते पाण्याचे नाव आहे. फारसीत 'गुल' म्हणजे फूल, त्यातही विशेषकरून हे फूल, आणि 'आब' म्हणजे पाणी. इराणात आजही कोणी 'गुलाब' मागितला तर त्याच्या हाती सुगंधी पाण्याची बाटली पडेल, फूल नव्हे. आपल्याकडे पाण्याचे नाव फुलाला चिकटले, पाणी बिननावाचे उरले, म्हणून आपण त्याला पुन्हा एकदा 'पाणी' जोडले. हाच शब्द अरबीत 'जुलाब' झाला. तेथे त्याचा अर्थ औषध मिसळलेले गोड सरबत. आपल्याकडे येईपर्यंत त्या सरबतातले कोणते औषध लोकांच्या लक्षात राहिले हे सांगायला नको. वर्गात ही व्युत्पत्ती सांगितली की हमखास हशा पिकतो, आणि मग पुढचे रसायनशास्त्र ऐकायला मुले तयार होतात.

हा विषय आमच्यापुढे आला तो मात्र हसण्यासारखा नव्हता. शिक्षकांच्या एका शिबिरात एका बाईंनी आपल्या बारावीतल्या विद्यार्थिनीची हकिगत सांगितली. मुलीने घरच्या घरी 'टोनर' केला होता. गुलाबपाण्यात भरपूर लिंबू पिळायचे आणि कापसाने चेहऱ्याला लावायचे, एवढीच कृती. लावला आणि ती खेळाच्या मैदानावर दुपारभर उन्हात राहिली. दुसऱ्या दिवशी गालांची आग होऊ लागली. पुढे जेथे जेथे ओघळ उतरले होते तेथे तपकिरी पट्टे उमटले आणि ते कित्येक आठवडे गेले नाहीत. बाईंचा प्रश्न साधा होता: "लिंबू काय, गुलाब काय, दोन्ही नैसर्गिकच ना? मग असे कसे झाले?" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर हे चेहऱ्याचे पाणी आले कोठून, तेथूनच सुरुवात करावी लागते.

त्याचा उगम ऊर्ध्वपातनात आहे. पदार्थ तापवायचा, त्याची वाफ दुसरीकडे न्यायची आणि थंड करून पुन्हा द्रव मिळवायचा, ही युक्ती इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या किमयागारांना अवगत होती. सुमारे इ.स. ३०० च्या झोसिमसच्या लेखनात अशा उपकरणांची वर्णने आहेत, आणि त्यांचे श्रेय तो मारिया नावाच्या एका ज्यू स्त्रीला देतो. या उपकरणाच्या टोपणाला ग्रीक भाषेत 'अँबिक्स' म्हणत. अरबांनी त्याचे 'अल्-अंबिक' केले. भांड्याच्या टोपणाला आतून घाम यावा तसे थेंब जमतात, म्हणून त्या द्रवाला अरबीत 'अरक', म्हणजे घाम, हे नाव मिळाले. आपला ओव्याचा अर्क आणि गावाकडे 'अस्सल अर्क आहे' म्हणून ज्याची ओळख करून देतात तो इसम, दोघेही त्याच घामाचे वंशज.

गुलाबपाणी इब्न सीनाने शोधले, असे अनेक पुस्तकांत ठोकून दिलेले असते. हे काही पटत नाही. इब्न सीनाचा जन्म ९८० सालचा. बगदादचा अल-किंदी त्याच्या जन्माआधी शंभरावर वर्षे, सुमारे ८७३ साली वारला, आणि त्याच्या नावावर असलेल्या सुगंधाच्या रसायनावरील ग्रंथात शंभराहून अधिक कृती आहेत. शिवाय इब्न खल्दूनने आपल्या ग्रंथात अब्बासी खलिफांच्या महसुलाची जी यादी उतरवून घेतली आहे, तीत फार्स प्रांताने बगदादच्या खजिन्यात रोकडीखेरीज गुलाबपाण्याच्या ३०,००० बाटल्या भराव्यात अशी नोंद आहे. ही यादी नवव्या शतकाच्या आरंभीची मानतात. करापोटी ज्याच्या हजारो बाटल्या जातात ती वस्तू एखाद्या विद्वानाने नुकतीच शोधलेली नसते. तिच्यामागे शेकडो भट्ट्या असतात आणि त्या भट्ट्यांवर खपणारी, नाव न उरलेली माणसे असतात.

आता यातले विज्ञान पाहू. गुलाबाला वास देणारी सिट्रोनेलॉल, जेरानिऑल, फिनाइल इथाइल अल्कोहोल ही संयुगे २०० अंश सेल्सियसच्या वर उकळतात. मग ती शंभर अंशांच्या वाफेबरोबर येतात कशी? एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले तर त्यांच्या बाष्पदाबांची बेरीज होते. ही बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते, आणि ते पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या किंचित खालीच घडते. म्हणून पाकळी करपत नाही आणि तेल मात्र वाफेवर स्वार होऊन बाहेर पडते. पुढे बहुतेक तेल पाण्यापासून वेगळे होते. फिनाइल इथाइल अल्कोहोल मात्र पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, म्हणून गुलाबपाण्याचा वास मुख्यतः त्याचा असतो. तेच संयुग कारखान्यातही तयार होते. बाजारातल्या स्वस्त बाटलीचा वास ओळखीचा वाटला तरी तिचा गुलाबाशी संबंध असेलच असे नाही.

तेल वेगळे होण्याची ही गोष्ट हिंदुस्थानात एका चाणाक्ष स्त्रीने टिपली. ही नूरजहान, असे सर्रास सांगितले जाते. जहांगीराने स्वतः मात्र आपल्या आठवणींत १६१४ साली हे श्रेय नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला दिले आहे. गुलाबपाणी काढताना गरम पाणी ताटांत ओतले की त्यावर साय धरल्यासारखा थर येतो, हे तिच्या ध्यानात आले आणि तिने तो थोडा थोडा गोळा केला. सलीमा सुलतान बेगमने त्याला 'इत्र-ए-जहांगीरी' असे नाव दिले. आपल्या सासूच्या निरीक्षणशक्तीची अशी लेखी दाद देणारा जावई विरळाच! निरीक्षण होतेही नेमके. गुलाबतेलात मेणासारखी संयुगे असतात, त्यामुळे ते साधारण वीस अंशांच्या आसपास गोठू लागते. एक किलो तेलाला तीन ते पाच टन फुले लागतात. हे प्रमाण लक्षात घेतले की तो थर किती पातळ असेल याची कल्पना येते.

पुढे गाझीपूर हे गुलाबपाण्याचे मोठे केंद्र झाले. कनौजमध्ये आजही तांब्याची 'डेग', तिचे तोंड लिंपणारी माती, बांबूची नळी आणि पाण्याच्या हौदात ठेवलेला 'भपका' अशी जुनी मांडणी पाहायला मिळते. नळीला गुंडाळलेली दोरी उष्णता रोखून धरते आणि भपक्याभोवतीचे पाणी वाफ निववते. अल-किंदीला ती ओळखायला अडचण पडली नसती.

हे पाणी चेहऱ्याला लावले तर नक्की काय होते, हे समजायला विसावे शतक उजाडावे लागले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने १९०९ साली सामू ही संकल्पना मांडली आणि आम्लता आकड्यात मोजता येऊ लागली. १९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी त्वचेच्या आम्ल आवरणाची कल्पना मांडली. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू पाचच्या आसपास असतो, तर साबणाच्या द्रावणाचा नऊ ते दहा. त्यात विहिरीचे किंवा बोअरचे कठीण पाणी असेल तर कॅल्शियमची साबणी साय त्वचेवर चिकटून राहते. टोनरचे काम एवढेच, की ही साय पुसून काढायची आणि आम्लतेकडे परतायला किंचित हात द्यायचा. खरे सांगायचे तर त्वचा काही तासांत आपणहून पूर्वपदावर येते. गुलाबपाणी सौम्य आम्ल असते खरे, पण इतके विरळ की त्याचा जोर फारसा चालत नाही. गारवा मिळतो तो बाष्पीभवनाचा.

याउलट लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या थोडा वर. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीने चढते, म्हणजे पाच आणि दोन यांत तीन पायऱ्यांचा नव्हे तर हजार पटींचा फरक. त्या मुलीच्या गालावरचे पट्टे मात्र नुसत्या आम्लाचे नव्हते. लिंबूवर्गीय फळांत, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन गटाची संयुगे असतात. उन्हातील अतिनील किरण शोषले की ती पेशींतील डीएनएशी जोडली जातात. आधी दाह होतो आणि नंतर तेथे रंगद्रव्य साचते. १९१६ साली फ्रॉइंड या त्वचारोगतज्ज्ञाने कोलनवॉटर लावलेल्या रुग्णांच्या त्वचेवर असेच डाग नोंदवले होते. त्यात लिंबाच्या जातीतल्या बर्गमॉट फळाचे तेल असे. आपल्या वैद्यांना या गुणाची दुसरी बाजू फार पूर्वीपासून परिचित आहे. कोडावर बावची देऊन रुग्णाला उन्हात बसवत, ती याच गटातल्या सोरालेनमुळे. उपचारात मात्रा आणि ऊन दोन्ही मोजून द्यावे लागते. आपल्या मुलीने दोन्ही न मोजता घेतले, तेही गोरे होण्यासाठी, आणि हाती आले काळे डाग!

शाळेत गुलाबपाणी करणे मात्र सोपे आहे. पातेल्यात मधोमध एक वाटी उपडी ठेवून तिच्यावर दुसरी वाटी सुलटी ठेवावी. भोवती दोन-तीन मुठी गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि त्या बुडतील इतकेच पाणी घालावे. फुलवाल्याकडची फुले औषध फवारलेली असू शकतात, ती टाळावीत. झाकण उलटे ठेवून त्यावर बर्फ ठेवावा आणि आच मंद असावी. झाकणाला आतून घाम येतो आणि मधल्या टोकावरून वरच्या वाटीत ठिबकतो. पंधरा-वीस मिनिटांत थांबावे, पाणी आटू देऊ नये. नुसत्या उकळून गाळलेल्या पाण्यात पाकळीचा रंग उतरतो. हे पाणी रंगहीन असते आणि वास मात्र येतो. ऊर्ध्वपातन म्हणजे काय हे सांगायला याहून चांगला पुरावा नाही. या पाण्यात टिकाऊपणासाठी काही घातलेले नसल्याने जंतू लवकर वाढतात. उकळलेल्या बाटलीत भरून शीतकपाटात ठेवावे, चार-पाच दिवसांत संपवावे, आणि उरलेले झाडांना घालावे.

मग जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून जांभळट पट्ट्या कराव्यात. एका पट्टीवर साबणाचे पाणी टाकावे, ती हिरवट होते. दुसरीवर गुलाबपाणी, तिचा रंग जेमतेम हलतो. तिसरीवर लिंबाचा एक थेंब, आणि ती भडक गुलाबी होते. बाईंनी हा प्रयोग आपल्या वर्गात केला तेव्हा तिसऱ्या पट्टीवर थेंब टाकायला त्याच मुलीला बोलावले होते. गालावरचे पट्टे तोवर पुसट झाले होते.