पिन खोरे : अजिंठ्याच्या लेकरांनी पाहावा असा हिमालय

हिमाचल प्रदेशातील स्पितीत पिन नदीचे शांत बौद्ध खोरे आहे. पर्यटकांची गर्दी काझा आणि की गोंपाकडे जाते, पिनकडे मोजकेच वळतात. इथला कुंगरी गोंपा न्यिंगमा परंपरेचा. रस्त्याचे शेवटचे गाव मूद, उंची सुमारे ३,८०० मीटर.

कसे जावे : नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने अंबाला. लातूरकरांना ही गाडी परभणीला मिळते. पुढे शिमला, किन्नौर, ताबो. काझाच्या अलीकडे अत्तरगो पुलापाशी पिनचा फाटा आहे. उन्हाळ्यात जावे, पावसाळ्यात किन्नौरात दरडी कोसळतात. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून वाटेत मुक्काम करावा.

वाटेतला ताबो विहार इ.स. ९९६ चा. भित्तिचित्रांमुळे त्याला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात. आत फोटो काढू नयेत.

आपल्या मराठवाड्यातील अजिंठा ओस पडला आणि धम्म १९५६ मध्ये बाबासाहेबांनी परत दिला. ताबोत मात्र हजार वर्षे भिक्खूंचा वास आहे. तिथले वज्रयानी विधी आपल्या बुद्धवंदनेहून वेगळे आहेत. त्यांना लगेच अंधश्रद्धा म्हणू नये. अर्थ विचारावा आणि आपली धम्मक्रांतीही त्यांना सांगावी. गावातल्याच घरी उतरावे, म्हणजे हा संवाद घडेल.