पाथरीचा भैरू, नगरचा बहरी

सातवीच्या वर्गात आम्ही बहमनी राज्याची पाच शकले शिकवत होतो. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याला ‘बहरी’ म्हणत, एवढे फळ्यावर लिहिले आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ये लोगां जहाजसे आए थे क्या?” पोराचे काही चुकले नव्हते. उर्दूत बहरी म्हणजे समुद्राचा. बहरी जहाज, बहरी फौज हे शब्द त्याच्या कानावरचे.

अशा राजधान्या जगात आहेतही. आयर्लंडची डब्लिन घ्या. उत्तरेकडून गलबतांतून आलेल्या व्हायकिंग लोकांनी ८४१ मध्ये तिथे नदीकाठी तळ ठोकला आणि त्यातूनच पुढे शहर उभे राहिले. अहमदनगरचेही चित्र अनेकांच्या मनात असेच असते: परके आले, उतरले, राजधानी वसवली. मोठ्यांच्याही मनात असते. चहाच्या टपरीवर ओळख निघाली की “तुमचे लोक मूळचे कुठले?” असे आम्हालाही विचारतात. हेतू वाईट नसतो. पण “इथलेच” म्हटले की समोरचा क्षणभर थांबतो, जणू खरे उत्तर अजून यायचे आहे.

त्या मुलाला आम्ही सांगितले, हे घराणे समुद्रातून नाही, पाथरीतून आले. आपल्याच परभणी जिल्ह्यातल्या पाथरीतून.

ही हकीगत लिहून ठेवली फिरिश्ता या फारसी इतिहासकाराने. तो अहमदनगरच्या दरबारात वाढला आणि पुढे विजापूरला गेला. त्याच्या सांगण्यानुसार पाथरीच्या एका ब्राह्मण घराण्याकडे तिथले वंशपरंपरागत कुलकर्णीपण होते. काही कारणाने हे लोक गाव सोडून विजयनगरच्या मुलखात गेले. अहमदशहा बहमनीच्या स्वारीत त्यांचा तिमाभट नावाचा मुलगा पकडला गेला. त्याचे नाव हसन ठेवले, त्याला शहजाद्याबरोबर शिकवले. बापाचे नाव भैरू. म्हणून हा हसन भैरू. ते नाव शहजाद्याच्या जिभेवर नीट बसेना, त्याचे झाले ‘बहरी’.

इथे एक गोष्ट आम्ही वर्गातही गाळत नाही. हे धर्मांतर कुणा सूफीच्या खानकाहात झाले नव्हते, ते लढाईत धरलेल्या पोराचे होते. दक्खनच्या इस्लामची कहाणी दर्ग्यापासून सुरू करून दर्ग्यापाशीच संपवायची आपल्याला सवय झाली आहे. सूफींचे ऋण मोठेच. पण तिमाभटाच्या आईला कुणी विचारायला गेले नव्हते, हेही खरे.

हा हसन पुढे बहमनी राज्याचा कारभारी झाला आणि १४८६ मध्ये बिदरला मारला गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद जुन्नरला होता. त्याने १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव केला आणि ज्या जागी ही लढाई जिंकली तिथेच, भिंगारजवळ सीनेच्या काठी, १४९४ मध्ये नवे शहर वसवायला घेतले. थोड्याच वर्षांत लोक त्याची तुलना बगदाद आणि कैरोशी करू लागले, असे फिरिश्ता लिहितो. दरबारी लेखणीला अशी सवय असतेच, तेवढे सोडून द्यावे.

खरी गंमत पुढे आहे. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याने मागणी घातली, आमच्या पूर्वजांचे गाव आम्हाला द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या. इमादशहाने नकार दिला. १५१८ मध्ये बुऱ्हाणने पाथरी लढून घेतली. ती परत गेली, १५२७ मध्ये पुन्हा घेतली आणि तिथला किल्ला पाडून टाकला. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्लाही विजयनगरच्या मुलखात धरला गेलेला ब्राह्मणाचाच मुलगा. म्हणजे एका कुलकर्ण्याच्या गावासाठी दोन सुलतान भांडले आणि दोघांचेही आजे-पणजे जानवे घालणारे!

जिंकलेले गाव बुऱ्हाणने आपल्या भाऊबंदांना इनाम दिले. “वो भी मुसलमान हो गए होंगे ना सर?” मागच्या बाकाने विचारले. नाही. ते ब्राह्मणच राहिले. सुलतानाचे नातेवाईक म्हणून पिढ्यानपिढ्या, अकबराच्या काळापर्यंत, त्यांनी ते इनाम खाल्ले. सुलतानाला ते भाऊबंद सांगायला लाज वाटली नाही आणि त्यांनाही हे नाते जड झाले नाही.

२०२० मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानावरून पाथरी आणि शिर्डी यांच्यात वाद पेटला तेव्हा पाथरीचे नाव राज्यभर झाले. शिर्डी नगर जिल्ह्यातली. पुन्हा पाथरी आणि नगर! पण त्या गलबल्यात बुऱ्हाणची आठवण निघालेली आम्ही तरी ऐकली नाही.

२०२४ मध्ये शहराचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई त्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, त्या नावाशी आमचे भांडण नाही. मात्र पाटीवरचा ‘अहमद’ गेला म्हणजे तो कोण, कुठला, हे विचारणारा मुलगाही हळूहळू जाणार. यंदाच्या सातवीला आम्ही नकाशावर सीनेच्या आधी गोदावरी काढणार आहोत, आणि तिच्या उत्तरेला पाथरीचा ठिपका.