मॅराडोनाला गरिबीने घडवले नाही

दिएगो मॅराडोनाची गोष्ट निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येते: 'गरिबीने त्याला घडवले.' ऐकायला गोड, पण हे वाक्य घातक आहे. गरिबी खेळाडू घडवत असती, तर जगातली प्रत्येक झोपडपट्टी विश्वविजेत्यांनी भरली असती. म्हणून आम्ही हे वाक्य नाकारतो आणि इतिहासाकडे वळतो.

अर्जेंटिनात फुटबॉल आणि टेनिस दोन्ही ब्रिटिशांनी आणले. ब्युनोस आयर्समध्ये फुटबॉलचा पहिला सामना १८६७ साली तिथल्या ब्रिटिश रहिवाशांमध्ये झाला. १८९२ साली शहरात लॉन टेनिस क्लब निघाला. दोन्ही खेळांच्या दारात आधी साहेबच उभा होता. पण फुटबॉलला एक चेंडू आणि मोकळी जागा पुरते. कामगारांनी आणि स्थलांतरितांच्या पोरांनी वस्तीवस्तीत स्वतःचे क्लब काढले. १९०४ साली स्थापन झालेला अर्जेंटिनोस ज्युनियर्स हा त्यातलाच एक. ज्या छोट्या संघांतून तो उभा राहिला, त्यातल्या एकाचे नाव शिकागोच्या कामगार हुतात्म्यांवरून ठेवलेले होते.

याच क्लबकडून २० ऑक्टोबर १९७६ रोजी मॅराडोना पहिला सामना खेळला. सोळावे वर्ष पूर्ण व्हायला दहा दिवस बाकी होते. आईवडील कोरिएन्तेस प्रांतातून पोटासाठी राजधानीच्या कडेला आलेले, वडील कारखान्यात मजूर, घर विला फियोरितोच्या झोपडपट्टीत. अशा सावळ्या स्थलांतरितांना सुखवस्तू राजधानी 'काबेसिता नेग्रा', म्हणजे 'काळ्या डोक्याचे', म्हणून हिणवत असे. त्याच वस्तीतल्या पोराने १९८६ साली देशाला विश्वचषक जिंकून दिला.

आता टेनिस पाहा. गिलेर्मो विलासने १९७७ साली फ्रेंच ओपन आणि यूएस ओपन जिंकली, सलग ४६ सामने जिंकले. ही मेहनत अफाट आहे, तिला आमचा सलाम. पण त्याचे वडील मार देल प्लातातल्या एका क्लबचे अध्यक्ष होते. कोर्ट, रॅकेट, प्रशिक्षक हे सारे लहानपणीच हाताशी होते. त्याच वेळी फियोरितोतल्या किती मुलांनी रॅकेट हातात धरली असेल? त्यांच्यात गुण नव्हते, असे कोणी म्हणू शकेल का?

आणि जिथे फुटबॉलचे दारही बंद होते, तिथे काय घडले? २१ ऑगस्ट १९७१ रोजी मेक्सिकोच्या अझ्टेका मैदानावर अर्जेंटिनाच्या महिलांनी इंग्लंडला ४-१ ने हरवले. चारही गोल एल्बा सेल्वाचे. पंधरा वर्षांनी याच मैदानावर मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध दोन गोल केले आणि जगाने ते डोक्यावर घेतले. सेल्वाचे चार गोल मात्र कित्येक दशके विस्मरणात राहिले. त्या देशात महिलांची लीग अर्धव्यावसायिक व्हायला २०१९ साल उजाडावे लागले.

तेव्हा मित्रांनो, हिशेब सरळ आहे. गुण मॅराडोनाकडे होते, विलासकडे होते, सेल्वाकडेही होते. फरक होता तो दाराचा. एकाला ते घरातूनच उघडे मिळाले. एकासाठी आधीच्या पिढीतल्या कष्टकऱ्यांनी क्लब बांधून ते उघडले होते. आणि एकीसाठी ते उघडायलाच कोणी तयार नव्हते. मॅराडोनाचे श्रेय गरिबीला देणारे लोक त्याच्या कष्टांवर आणि त्या कामगारांच्या संघटनेवर एकदमच पाणी फिरवतात. म्हणून पुढच्या वेळी कोणी 'गरिबी माणूस घडवते' म्हणाले, तर आपण एवढेच विचारायचे: मैदान कोणी बांधले होते?