सूत यंत्रांनी कातले, वाहिले कोणी?

औद्योगिक क्रांतीचा धडा बहुधा कापसापासून सुरू होतो. आर्कराइटचे पाण्याच्या जोरावर चालणारे कताईयंत्र (पेटंट १७६९), क्रॉम्प्टनचे म्यूल (१७७९), जॉन थॉर्पचे रिंग-यंत्र (१८२८) ही नावे विद्यार्थी पाठ करतात. पण एका यंत्रातून निघालेला माल पुढच्या यंत्रापर्यंत कोण नेत होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर शोधू लागलो की सूतगिरणीचा एक वेगळाच इतिहास समोर येतो.

गिरणीत कापसाची गाठ फुटली की तो पिंजला जातो, त्याचा जाड, सैल पेळू होतो. हा पेळू उंच डब्यात वेटोळ्यांनी साठवतात. पेळूत पीळ जवळजवळ नसतोच, त्यामुळे तो ओढला तर तुटतो, दाबला तर खराब होतो. म्हणून डबाच हलवावा लागतो. पुढे पेळू बारीक होत होत बॉबिनवर येतो, मग रिंग-यंत्रावर त्याचे सूत होऊन कांड्या भरतात आणि शेवटी अनेक कांड्यांचे सूत एका मोठ्या कोनावर गुंडाळले जाते. प्रत्येक टप्प्यावर भांडे बदलते आणि प्रत्येक भांडे कुणीतरी उचलून न्यावे लागते.

हे काम केवढे, याचा हिशेब वर्गात सहज करता येईल. ४० नंबरच्या सुताच्या एक किलोमीटरचे वजन सुमारे पावणेपंधरा ग्रॅम असते. कांडीवर ५० ग्रॅम सूत मावते असे धरले तर त्याची लांबी सुमारे ३,४०० मीटर झाली. चाती मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल आणि मीटरला १,००० पीळ द्यायचे असतील, तर मिनिटाला १८ मीटर सूत निघेल. म्हणजे कांडी साधारण तीन तासांत भरते. २५,००० चात्यांच्या गिरणीत दिवसरात्र मिळून सुमारे दोन लाख भरलेल्या कांड्या काढायच्या आणि तितक्याच रिकाम्या बसवायच्या! जाड सूत असेल तर कांडी याहून लवकर भरते.

चपळ, लहान बोटांना हे काम चांगले जमते, असे सांगून ते मुलांकडे दिले गेले. त्यांना डॉफर म्हणत. ल्युइस हाइन या छायाचित्रकाराने १९०८ पासून अमेरिकेतील बालमजुरीची छायाचित्रे काढली. कॅरोलायना आणि जॉर्जिया राज्यांतील गिरण्यांतली काही पोरे इतकी लहान होती की, रिकाम्या कांड्या बसवण्यासाठी त्यांना यंत्रावर चढावे लागे. आपल्याकडेही वेगळे नव्हते. कावसजी दावर यांची मुंबईतली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात मनाई केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. नऊ तास ही सुधारणा होती, यावरून आधीची स्थिती ओळखावी. किमान वय १८९१ मध्ये नऊ, १९२२ मध्ये बारा आणि १९४८ च्या कायद्याने चौदा झाले.

कातण्याचे यंत्र अठराव्या शतकात झाले, तर वाहण्याचे यंत्र व्हायला विसावे शतक का उजाडावे लागले? कातताना तीच हालचाल त्याच जागी लाखो वेळा करायची असते. वाहताना कुठला डबा भरला, कुठे रिकामा हवा, वाटेत कोण उभे आहे, हे पाहून ठरवावे लागते. हे तांत्रिक कारण खरेच आहे. पण आमच्या मते स्वस्त मजूर हे त्याहून मोठे कारण होते. पोर मिळत असताना यंत्रावर पैसे कोण घालणार?

वाटेतला पहिला टप्पा साधा होता. पिंजण्याच्या खात्यात कापूस नळ्यांतून हवेच्या झोताने पुढे ढकलता आला. मग कांड्या एकदम काढून बसवणारे स्वयंचलित डॉफर आले, आणि पुढे रिंग-यंत्र व गुंडाळणीयंत्र जोडून कांड्या पट्ट्यावरून थेट जाऊ लागल्या. डब्यांचे तसे होईना. त्यांच्या वाटा अनेक, आणि मधे माणसांची ये-जा. तेथे चालता यंत्रमानवच हवा होता.

चालकाविना चालणारी गाडी अमेरिकेत बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९५० च्या दशकात आणली. १९५४ मध्ये ती साउथ कॅरोलायनातील एका मालवाहतूक कंपनीत धावली, म्हणजे हाइनने पोरांची छायाचित्रे काढली त्याच टापूत. अशा गाडीचे तत्त्व अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला समजेल असे आहे. जमिनीत पुरलेल्या तारेतून प्रत्यावर्ती प्रवाह सोडायचा. गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूच्या वेटोळ्यांत त्यामुळे विद्युत्दाब निर्माण होतो. दोन्ही दाब सारखे तर गाडी मध्यावर, एक वाढला तर चाक तिकडे वळवायचे. गिरण्यांत अशा गाड्या १९८० नंतर डबे वाहू लागल्या. क्योटोची मुराता मशिनरी ही कंपनी तर गुंडाळणीयंत्रेही बनवते आणि अशा गाड्याही.

१९९० च्या दशकात काही ठिकाणी डब्याचा आकारच बदलला. गोल डबा आपल्याभोवतीच्या चौरसाचा फक्त ७८.५ टक्के भाग वापरतो, बाकी कोपरे वाया जातात. माणसाला गोल डबा फिरवत नेणे सोपे. यंत्राला ती गरज नाही, म्हणून आयताकृती डबे आले.

आताच्या गाड्या लेसर किरण फिरवून आजूबाजूचा नकाशा स्वतःच बनवतात, तार पुरावी लागत नाही. पण गिरणीत तंतू सतत उडत असतात. ते चाकांच्या आसांभोवती गुंडाळतात, संवेदकाच्या काचेवर बसतात. हेच तंतू आणि ही धूळ कामगारांच्या फुफ्फुसांत जाऊन बिसिनोसिस होतो.

मुंबईच्या गिरण्या यंत्रमानवांनी बंद पाडल्या असे मात्र कुणी समजू नये. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, तेव्हा असा यंत्रमानव तेथे नव्हताच. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनीचे भाव ही कारणे त्याआधीची.

डॉफरांच्या शेजारीच दुसरी पोरे उभी असत, तुटलेला धागा सांधणारी. रिंग-यंत्रावरचे ते काम आपोआप करणारा, यंत्राच्या कडेने सरकत जाणारा यंत्रमानव स्वित्झर्लंडच्या रीटर कंपनीने बार्सेलोनाच्या प्रदर्शनात मांडला, तो २०१९ मध्ये. बहुतेक गिरण्यांत हे काम अजून हातानेच होते, आणि ते करणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत.