रक्तरोगांतील कोशिकाजन्य सूक्ष्मकण

उद्दीपित किंवा जर्जर झालेल्या कोशिकांच्या पटलाचे जे अतिसूक्ष्म तुकडे सुटून रक्तद्रवात तरंगतात, त्यांना कोशिकाजन्य सूक्ष्मकण म्हणतात. 1967 मध्ये पीटर वुल्फ यांनी बिंबाणूंपासून निघालेल्या अशा कणांना ‘बिंबाणूंची धूळ’ म्हटले. मात्र ही धूळ रक्तक्लथनास चालना देते, हेही त्यांनीच दाखविले.

तेलंगणातील निर्मल-आदिलाबादच्या ज्या मुलखात गोंड समाजाला सिकलसेल रोगाने दीर्घकाळ ग्रासले आहे, तेथे हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही. या रोगात प्राणवायू कमी पडताच विळ्यासारखी वाकणारी आणि तो मिळताच पूर्ववत होणारी तांबडी कोशिका या वारंवारच्या ओढाताणीत आपले पटल कणाकणाने गमावते व अखेर कायमची वाकडी होते. झडलेल्या कणांवर फॉस्फॅटिडिलसेरीन हे एरवी आतल्या बाजूस असणारे मेदद्रव्य उघडे पडते, त्यावर क्लथनघटक जमून थ्रॉम्बिन निर्माण होते. कणांतील हीम रक्तवाहिनीच्या अस्तरास इजा करते. याउलट, स्कॉट विकारात हे मेदद्रव्य बाहेर येत नाही, आणि रुग्णास रक्तस्राव होतो.

बहुतेक कण 1 मायक्रोमीटरहून लहान असल्याने त्यांची मोजदाद अवघड आहे. शिवाय याच मुलखातील उटनूरच्या डोंगरी वाटेने हेलकावे खात आलेल्या नमुन्यात नवेच कण सुटलेले असू शकतात. म्हणून सिकलसेलच्या निदानाची भिस्त अद्याप विद्राव्यता चाचणी व विद्युत्संचारण यांसारख्या चाचण्यांवर आहे, आणि ते योग्यही आहे.