काचेच्या कौलाखालचा मे महिना

मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा. मोबाइल तर नकोच. जिथे जायचंय तिथे फोन फक्त पोस्टात असतो आणि त्यावर ओरडून बोलावं लागतं. पत्र्याची ट्रंक आणि फिरकीचा तांब्या एवढं सामान पुरे. साल १९७९, तुमचं वय अकरा. १ मेला निकाल लागला, तुम्ही पास झालात, आणि आता शाळा उघडेपर्यंत जगात कुणालाही तुमच्याकडून काहीही नको आहे.

मुंबई सेंट्रलच्या एस.टी. स्टँडवर देवगडची गाडी लागते. मामा सीट धरायला धावतो आणि तुम्ही पुस्तकांच्या स्टॉलसमोर उभे राहता. दोरीला चिमटे लावून अंक टांगलेत. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवर पिस्तुलं रोखलेली असतात. तिकडे हात गेला की मामा नुसतं बघतो. शेवटी ‘चांदोबा’वर तडजोड होते. मद्रासहून छापून आलेला अंक, आत चित्रकार शंकरने काढलेला विक्रम, उगारलेली तलवार आणि खांद्यावर प्रेत.

पनवेल सुटलं की कंडक्टर आतले दिवे घालवतो. आता वाचायचं कसं? पेण, माणगाव, महाड. प्रत्येक स्टँडवर गाडी थांबते, दिवे लागतात, माणसं चहाला उतरतात आणि तुम्हाला एक पान मिळतं. वेताळाची एकच गोष्ट अशी तीन स्टँडांवर पसरते. माणगावला राजकन्या हरवते, ती महाडपर्यंत सापडत नाही. मधल्या अंधारात डोकं खिडकीच्या गजाला टेकवून तुम्ही तिला स्वतःच शोधत राहता. माझं ठाम मत आहे की गोष्ट वाचणं निम्मं या अंधारातच होतं.

उजाडताना गाडी नांदगाव तिठ्यावरून आत वळते. शिरगाव, जामसंडे. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला अजून दोन वर्षं आहेत. पत्रावर ‘जिल्हा रत्नागिरी’ असंच लिहायचं. कोकणात रेल्वे येईल ही गोष्ट वडीलधारी माणसं अजून गप्पांतच बोलतात. पण या जिल्ह्यात वाचनालय आहे ते १८२८ पासून, रत्नागिरी शहरात. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली १८५३ साली. म्हणजे आगगाडीच्या पंचवीस वर्षं आधी. आणि ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर याच देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. इथल्या मातीत आंब्याइतकीच छापील कागदाचीही ओढ आहे असं मला वाटतं, आणि ते मी अभिमानाने सांगतो.

घर येतं. खळ्यात पाय ठेवायच्या आधीच वास येतो. माळ्यावर आढी लावलेली आहे: पेंढ्याचा थर, त्यावर हापूसचा थर, पुन्हा पेंढा. त्या आढीच्याच पलीकडे, भिंतीला लागून, आजोबांची लाकडी पेटी. पेटीत पुस्तकं. त्यामुळे या घरातल्या प्रत्येक पुस्तकाला पिकत्या आंब्याचा वास आहे, आणि पुढे आयुष्यभर हरि नारायण आपटे हे नाव ऐकलं की तुम्हाला हापूस आठवणार आहे.

सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी फणसाची भाजी आणि सोलकढी. मग सगळं घर आडवं होतं. आजोबा पडवीतल्या बाकावर, मामा ओसरीवर, बायका माजघराच्या गार जमिनीवर. ही वेळ तुमची. लाकडी जिना चढा, तिसरी पायरी सोडून, ती करकरते.

माळ्यावर कौलांच्या रांगेत एक कौल काचेचं आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या भागात सूर्य बरोबर माथ्यावर येतो, त्यामुळे दुपारी साडेबाराच्या सुमाराला उजेडाचा एक चौकोन नेमका त्या कौलाखाली, पेटीजवळ पडतो. तिथे बसायचं. मग चौकोन हळूहळू पूर्वेच्या भिंतीकडे सरकू लागतो आणि तुम्हीही त्याच्यामागे सरकता, पोट जमिनीला, पुस्तक पुढे. एका प्रकरणात साधारण एक फळी. भिंत आली की आजी जागी होऊन चूल पेटवायला लागते. माळ्यावर घड्याळ लागतच नाही.

आधी पेटी उघडा. वर ‘किर्लोस्कर’ आणि ‘मनोहर’चे जुने अंक, दोऱ्याने बांधलेले. त्याखाली ‘आवाज’चे दिवाळी अंक, त्यातल्या खिडक्या उघडून बघायच्या नाहीत अशी सक्त ताकीद आहे, म्हणून त्या आधी उघडल्या जातात. तळाशी हरि नारायण आपट्यांचं ‘उषःकाल’. पुठ्ठा गेलेला, शिवण सुटलेली, पहिला फर्माच गायब. म्हणजे सोळा पानं नाहीत. गोष्ट अचानक मधूनच सुरू होते. माणसं घोड्यांवर बसून कुठे तरी निघालेली आहेत, कोण कुणाचा शत्रू ते ठाऊक नाही. मोठी माणसं अशा वेळी पुस्तक बाजूला ठेवतात. अकरा वर्षांचं पोर ठेवत नाही. ते पुढे वाचतं, आणि हरवलेली सोळा पानं मनाने लिहून काढतं. कुणी विचारणार नाही की अमुक व्यक्तीचं स्वभावचित्र रेखाटा. पाठ्यपुस्तकात धडा संपला की खाली स्वाध्याय दबा धरून बसलेला असतो. इथे प्रकरण संपलं की पुढचं प्रकरण असतं. सुट्टीतल्या वाचनाचं सगळं सुख या एका फरकात आहे. शाळेत ज्या मुलाला वाचनाचा कंटाळा येतो, तेच मूल माळ्यावर खाणंपिणं विसरतं, ते याचमुळे.

जिन्याची तिसरी पायरी करकरते. मावसभाऊ आलाय. त्याच्या हातात ‘फास्टर फेणे’ आहे, भा. रा. भागवतांचं, शेजारच्या वाडीतून एका दिवसाच्या बोलीवर आणलेलं. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, सायकलवरून संकटात घुसणारा. संध्याकाळी परत द्यायचंय आणि नंबर दोघांचा आहे. एकच उपाय: दोघांनी एकदम वाचायचं.

पालथे पडा, कोपराला कोपर लावून. डावं पान त्याच्या बाजूला, उजवं तुमच्या. तुम्ही भरभर वाचता, तो प्रत्येक चित्रापाशी रेंगाळतो. पानाचा कोपरा तुमच्या बोटांत तयार आहे.

“उलटू?”

“थांब.”

“झालं?”

“थांब म्हटलं ना!”

त्या थांबण्यात तुम्ही उजव्या पानाची शेवटची ओळ पुन्हा वाचता. ती ओळ अर्ध्यावर तुटलेली आहे. दाराआड कोण आहे ते पुढच्या पानावर. पुढे कित्येक वर्षांनी त्या भावाशी बोलायला विषय उरणार नाहीत, कामं वेगळी, गावं वेगळी. पण एका पुस्तकावर दोघांनी असा श्वास रोखलेला असतो, ते नातं मला फार मोलाचं वाटतं. त्याच्या अंगठ्याचा पिवळा ठसा पान संपायच्या आत उमटतो आणि खालून आजीचा आवाज येतो, “आंबो खाऊन हात धुतलास?” तिला वाचता येत नाही, पण पुस्तकाला खरकटा हात लागलेला तिला चालत नाही.

पाच वाजता वाचनालय उघडतं. ग्रामपंचायतीशेजारची एक खोली. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अशा वाचनालयांना सरकारी अनुदानाची सोय केली, तरी कपाटं दोनच आहेत, जाळीच्या दारांची. आतल्या पुस्तकांना खाकी कव्हरं आणि पाठीवर शाईने लिहिलेले क्रमांक. बाहेरून सगळी सारखीच दिसतात, त्यामुळे काय हाती लागेल ते नशीब. टेबलामागे निवृत्त शाळामास्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. ते रजिस्टर ओढतात, टाक शाईत बुडवतात, नाव लिहितात. परत आणलेलं पुस्तक उघडून पानं फाटली का तेवढं बघतात. कसं वाटलं, काय शिकलास, असं कधी विचारत नाहीत. किती शहाणा माणूस! वाचणाऱ्या मुलाला एकटं सोडण्याइतकी त्याची कदर दुसरी नाही.

एका संध्याकाळी तुम्ही जाळीतून एका जाड पुस्तकाकडे बोट दाखवता. ‘मृत्युंजय’. शिवाजी सावंतांनी ते वयाच्या सत्ताविशीत प्रसिद्ध केलं, १९६७ साली, आणि बारा वर्षांत ते कोकणातल्या या खोलीपर्यंत पोचलंय. गुरुजी चष्म्यावरून बघतात.

“तुझ्या वयाचं नाही हे.”

तुम्ही गप्प.

“बरं, ने. जड आहे, दोन्ही हातांनी धर.”

पुढचे सात-आठ दिवस काचेच्या कौलाखालचा चौकोन नुसता सरकत राहतो. शब्द कळत नाहीत. कळले नाहीत तर ओलांडायचे. त्याला इथे गुण कापले जात नाहीत. कर्ण बोलतो तोवर सगळं सरळ असतं. मग कुंती बोलू लागते. मग दुर्योधन. मग वृषाली, शोण. कृष्ण अगदी शेवटी, तो अजून लांब आहे. तोच प्रसंग, तीच सभा, पण माणूस बदलला की सभाच बदलते. तुम्ही उठून बसता. दुर्योधनालाही स्वतःचं असं म्हणणं असू शकतं, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. कीर्तनकाराने नाही, इतिहासाच्या बाईंनी नाही. आणि तुमचं मन जडतं ते शोणावर, कर्णाच्या धाकट्या भावावर, ज्याच्याकडे महाभारत सांगताना कुणी वळूनही बघत नाही. वयाच्या मापाने पुस्तकं वाटणाऱ्यांना मी नेहमी या माळ्यावर आणून बसवावं म्हणतो. मोठ्या पुस्तकातून लहान मूल आपल्यापुरतं उचलतं, आणि उचललेलं सोडत नाही.

रात्री मात्र एकट्याचं वाचन बंद. कंदील एक आणि पोरं सात-आठ. मावशी कंदिलाजवळ बसते, काच पुसून वात वर करते आणि ‘श्यामची आई’ उघडते. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, असं ती पहिल्या दिवशी सांगते. श्यामचं पालगड याच जिल्ह्यात, दापोलीकडे. त्यामुळे त्यातली विहीर, त्यातलं अंगण, त्यातली केळीची पानं वेगळी कल्पावी लागत नाहीत, ती मागीलदारी आहेत. मावशीचा आवाज एका ठिकाणी दाटतो. ती थांबते, पदर डोळ्याला लावते, “धूर आलाय कंदिलाचा,” म्हणते. कुणीच मान वर करत नाही, कारण प्रत्येकाचंच तेच झालंय. मग ती पानात मोरपीस घालून पुस्तक मिटते. उद्या.

सकाळी पेज वाढताना आजी हळूच विचारते, “मगे काय झाला?” काल ती माजघरातच आडवी झाली होती, मधेच डोळा लागला. पळी हातात धरून ती उभी राहते आणि तुम्ही तिला राहिलेला भाग सांगता. वाचलेलं दुसऱ्याला सांगणं ही यातली सर्वांत गोड गोष्ट, आणि तीही कुणी न लादलेली. सांगताना तुम्ही दोन वाक्यं पदरची घालता. आजीला ती फार आवडतात.

जून उजाडतो तशी पारावर वेगळीच चर्चा सुरू होते. अमेरिकेची स्कायलॅब, आकाशात फिरणारी प्रयोगशाळा, पडणार. कुठे पडणार ते कुणालाच ठाऊक नाही. मुंबईचा पेपर इथे दुसऱ्या दिवशी येतो, तोवर ती पडलीही असेल. कोणी म्हणतं समुद्रात, कोणी म्हणतं आपल्याच बागेत. तुम्ही भविष्यातून आलेले असल्यामुळे तुम्हाला माहीत आहे की ती ११ जुलैला हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात कोसळेल आणि देवगडच्या एकाही कलमाला धक्का लागणार नाही. सांगू नका. कारण ही चर्चा सुरू झाली त्याच आठवड्यात गुरुजींनी जाळीतून भागवतांचं ‘चंद्रावर स्वारी’ काढून दिलंय, मूळ जूल व्हर्नचं, आणि रात्री खळ्यात चटईवर पडून आकाशाकडे बघताना पुस्तक कुठे संपलं आणि बातमी कुठे सुरू झाली ते कळेनासं झालंय. ही भीती इतकी सुंदर आहे की ती कुणाकडून काढून घेणं बरं नव्हे.

वळिवाची सर येते. करवंदं संपतात, आढी रिकामी होते, माळ्यावर उरतो नुसता पेंढा. वाळवणं आत जातात. काचेच्या कौलावर ढग आला की चौकोन पुसला जातो आणि पुन्हा उमटतो. मामा तिकिटं काढून आणतो, परवाची.

‘मृत्युंजय’चा कृष्ण अजून बाकी आहे. मधे मुदत दोनदा वाढवून झाली, तिसऱ्यांदा वाढवता येत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही भर पावसात, पुस्तक सदऱ्याखाली धरून वाचनालयात जाता आणि ते टेबलावर ठेवता. गुरुजी पानं चाळतात. खुणेचं तिकीट कुठे आहे ते त्यांना दिसतं.

“राहिलंय की.”

“उद्या गाडी आहे.”

ते रजिस्टर उघडतात. तुमच्या नावासमोर परतीच्या तारखेचा रकाना रिकामा आहे. टाक शाईत बुडवून, नियम त्यांनीच भिंतीवर लावलेला असूनही, ते सावकाश लिहितात: मे १९८०. मग वाळूची डबी घेऊन शाईवर वाळू भुरभुरतात, पुस्तक तुमच्याकडे सरकवतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात.