महामारीत पुन्हा चालू लागलेली वाट: सान्तियागोचा कामिनो

१ जुलै २०२०. त्या दिवशी आषाढी एकादशी होती. पण पंढरीच्या वाटेवर दिंड्या नव्हत्या, संतांच्या पादुका एसटीने आल्या होत्या. नेमक्या त्याच दिवशी स्पेनच्या वायव्य टोकाला, सान्तियागो दे कोम्पोस्तेला या नगरात, पायी यात्रेकरूंची नोंद करणारे कार्यालय साडेतीन महिन्यांनी पुन्हा उघडले.

या नगराकडे येणाऱ्या मार्गाला 'कामिनो' म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ नुसता 'वाट'. येशूच्या बारा शिष्यांपैकी याकोब, म्हणजेच सान्तियागो, याची समाधी तेथे आहे या श्रद्धेने नवव्या शतकापासून लोक तिकडे चालत आले. पिरेनीज पर्वताच्या फ्रान्सकडील पायथ्यापासून निघणारा सर्वांत प्रसिद्ध मार्ग सुमारे ७८० किलोमीटरचा आहे. निदान शेवटचे १०० किलोमीटर पायी चालल्याचे शिक्के पुस्तिकेवर असले, की लॅटिन भाषेतील दाखला मिळतो. २०१९ मध्ये असे सुमारे ३ लाख ४७ हजार दाखले दिले गेले; त्यांतील निम्म्याहून अधिक परदेशी यात्रेकरूंना.

१४ मार्च २०२० रोजी स्पेनमध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि ही वाट ओस पडली. अर्ध्या वाटेवर असलेल्यांनी मिळेल त्या वाहनाने घर गाठले. धर्मशाळांना कुलपे लागली. एक उन्हाळा बुडाला तर काय बिघडते, असे दुरून वाटू शकते. पण या मार्गावरील कित्येक खेड्यांतून तरुण केव्हाच शहरांत गेले आहेत. तेथील खानावळ, दुकान, कधी कधी सबंध गावच यात्रेकरूंच्या पावलांवर तगून असते. आता वाटेवर पुन्हा माणसे दिसणे म्हणजे रोजीरोटीही होती आणि धास्तीही. घरात म्हातारी माणसे, आणि दाराशी रोज नव्या गावाहून आलेला अनोळखी पाहुणा!

हा पेच या वाटेला नवा नव्हता. मध्ययुगात यात्रेकरूला आसरा देणे हे पुण्यकर्म होते, आणि तोच यात्रेकरू रोग घेऊन येतो हा संशयही तितकाच जुना. साथीच्या काळात युरोपातील नगरे परक्यांना वेशीबाहेर रोखत. वाटेवर यात्रेकरूंसाठी उभारलेल्या आश्रयस्थानांना 'हॉस्पिटल' म्हणत. तेथे निवारा आणि शुश्रूषा एकाच छपराखाली मिळे. आजचे 'हॉस्पिटल' आणि 'हॉटेल' हे दोन्ही शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आले, त्याचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही. सान्तियागोत शिरताना लागणारी सान लाझारो ही वस्ती मात्र वेगळी गोष्ट सांगते. कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान तेथे होते, नगराबाहेर.

या दुहेरी नात्याचे मूर्त रूप म्हणजे संत रोके. चौदाव्या शतकातील मानला जाणारा हा संत प्लेगच्या रोग्यांची सेवा करत हिंडला, अशी आख्यायिका आहे. पुढे त्यालाच प्लेगने गाठले, तेव्हा इतरांना बाधा नको म्हणून तो रानात जाऊन राहिला. तेथे एक कुत्रा त्याला रोज भाकरी आणून देई. त्याच्या मूर्ती यात्रेकरूच्याच वेशात असतात: हाती काठी, अंगरख्यावर शिंपला आणि मांडीवर उघडी जखम. आजच्या भाषेत हे विलगीकरणच. पण येथे स्वतःला दूर ठेवणारा खुद्द यात्रेकरू आहे, हे विशेष.

२०२० च्या जुलैत हेच जुने प्रश्न नियमांच्या रूपाने परतले. धर्मशाळांतील खाटा कमी झाल्या, सामायिक स्वयंपाकघरे बंद राहिली. वेदीमागील सान्तियागोच्या मूर्तीला आलिंगन देण्याची प्रथा स्थगित झाली. सीमा पूर्ण खुल्या नसल्याने चालणारे बहुतेक स्पॅनिशच होते. आणि हे पुनरागमनही टिकले नाही. दुसरी लाट आली, ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा आणीबाणी लागली आणि प्रांतांच्या सीमा बंद झाल्या. वर्षभरात दाखले मिळाले जेमतेम ५४ हजार.

विपर्यास असा, की २०२१ हे पवित्र वर्ष होते. २५ जुलै हा सान्तियागोचा दिवस रविवारी आला, की ते वर्ष पवित्र मानतात आणि एरवी बंद असलेले कॅथेड्रलचे पवित्र द्वार उघडतात. ३१ डिसेंबर २०२० रोजी ते विधिपूर्वक उघडले गेले. पण वाटांवर निर्बंध होते. पोपनी हे वर्ष २०२२ अखेरपर्यंत वाढवल्याची घोषणा त्याच प्रसंगी झाली. अशी मुदतवाढ पूर्वी मिळाली होती १९३७ च्या पवित्र वर्षाला, आणि तेव्हाचे कारण होते स्पेनमधील यादवी युद्ध.

२०२१ मध्ये दाखले पावणेदोन लाखांवर गेले, २०२२ मध्ये ४ लाख ३८ हजारांच्या आसपास. हे आकडे पाहून कामिनो अजिंक्य वाटतो, पण ते खरे नव्हे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वर्षाला तीन हजार दाखलेही दिले जात नव्हते. ओ सेब्रेइरो या डोंगरमाथ्यावरील गावाचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८४ च्या सुमारास पिवळ्या रंगाचे डबे घेऊन दगडांवर, झाडांवर, भिंतींवर बाण रंगवले. आज यात्रेकरू त्याच खुणांच्या आधारे चालतात.

ओ सेब्रेइरोहून थोडे पुढे, सुमारे १२७० मीटर उंचीवर, संत रोकेच्या नावाची खिंड आहे. तेथे वाऱ्याला तोंड देत, एका हाताने टोपी सावरत चाललेल्या यात्रेकरूचा भव्य पुतळा उभा आहे. २०२० च्या वसंतात त्याच्यासमोरून कोणी यात्रेकरू गेला नाही.